विश्लेषण : आयर्लंडमधील डोंगरवाटा शेतकऱ्यांच्या मर्जीवर का?

अटलांटिक महासागरावर झुकलेले कडे, हिरव्यागार टेकड्या आणि त्यांतून जाणाऱ्या पायवाटा हे आयर्लंडच्या पर्यटनाचे मोठे भांडवल. मात्र यांतील बऱ्याच वाटा खासगी शेतजमिनीतून जातात आणि तेथे चालण्याचा कायदेशीर हक्क पर्यटकांना नाही. जमीनमालक ‘हो’ म्हणतो तोवरच वाट खुली राहते. मोहेरच्या कड्यांवरील वाटेचे काही टप्पे २०२४ मध्ये बंद करावे लागले, तेव्हा ही व्यवस्था किती नाजूक आहे हे पुन्हा दिसले.

मोहेरच्या कड्यांवर काय घडले?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर परगण्यात मोहेरचे कडे आहेत. सर्वांत उंच ठिकाणी ते समुद्रापासून २१४ मीटर उभे आहेत. वर्षाला सुमारे १५ लाख लोक येथे येतात. पर्यटन केंद्राजवळच्या भागात संरक्षक भिंत आहे. पण डूलिन ते लिसकॅनर ही सुमारे २० किलोमीटरची किनारवाट मुख्यतः शेतकऱ्यांच्या कुरणांतून, कड्याच्या काठाने जाते. २०१३ मध्ये ही संपूर्ण वाट खुली झाली. पुढच्याच वर्षी ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा सुमारे २,५०० किलोमीटरचा किनारी पर्यटन मार्ग सुरू झाला आणि पश्चिम किनाऱ्याकडे पर्यटकांचा ओघ वाढला. स्थानिक चालणाऱ्यांच्या हिशेबाने आखलेल्या वाटेवर जगभरातले पर्यटक उतरले. पावसाने निसरडी झालेली माती, काठाची धूप आणि छायाचित्रासाठी काठापर्यंत जाणारे पर्यटक यांमुळे धोका वाढत गेला. २०२४ मध्ये कड्यावरून पडून मृत्यूच्या घटना घडल्यानंतर वाटेचे मोठे टप्पे बंद करण्यात आले.

फिरण्याचा हक्क का नाही?

शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क सर्वांना दिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० च्या कायद्याने डोंगराळ माळराने चालणाऱ्यांना खुली झाली, शिवाय तेथे सार्वजनिक पायवाटांचे जुने जाळे आहे. आयर्लंडमध्ये असा कायदा नाही आणि नोंदलेल्या सार्वजनिक पायवाटाही मोजक्याच आहेत.

याचे मूळ इतिहासात आहे. १९ व्या शतकात आयर्लंडमधील जमीन मोजक्या जमीनदारांकडे होती आणि कसणारे कुळ केव्हाही बेदखल होऊ शकत असे. १८७९ मध्ये मेयो परगण्यातून ‘लँड लीग’ची चळवळ उभी राहिली. त्यानंतरच्या कायद्यांनी, विशेषतः १९०३ च्या कायद्याने, कुळांना जमिनी विकत घेता आल्या. तीन-चार पिढ्यांपूर्वी झगडून मिळवलेल्या या जमिनीवर दुसऱ्या कोणाचा हक्क सांगितला की ग्रामीण आयर्लंडमध्ये लगेच विरोध होतो. राज्यघटनेनेही खासगी मालमत्तेला संरक्षण दिले आहे. उंच डोंगरांवरील अनेक जमिनी तर अनेक शेतकऱ्यांच्या सामाईक मालकीच्या आहेत. तेथे परवानगी एकाची नव्हे, अनेकांची लागते. देशातले सर्वोच्च शिखर कॅरनटूहिल (सुमारे १,०३९ मीटर) हेही खासगी जमिनीवरच आहे.

न्यायालयांनी काय म्हटले?

दोन प्रकरणे महत्त्वाची ठरली. कॉर्क परगण्यातील ओल्ड हेड ऑफ किन्सेल हे समुद्रात घुसलेले भूशीर गोल्फ मैदानासाठी विकसित झाले. लोकांना तेथे प्रवेश द्यावा, अशी अट बांधकाम परवानगीत घालण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती अवैध ठरवली. स्लायगो परगण्यातील लिसाडेल हाउसच्या आवारातून सार्वजनिक वाटा जातात, असा स्थानिक प्रशासनाचा दावा होता. तो २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बहुतांशी टिकला नाही. लोक वर्षानुवर्षे एखाद्या वाटेने जात होते एवढ्यावरून ती सार्वजनिक ठरत नाही. मालकाने ती लोकांना कायमची बहाल केली होती, हे सिद्ध व्हावे लागते. हा पुरावा मिळवणे अवघड आणि खर्चिक असल्याने कोर्टात जाण्याऐवजी समजुतीने वाट मिळवण्याकडेच कल राहिला.

शेतकऱ्यांना भीती कशाची?

मुख्य भीती नुकसानभरपाईच्या दाव्याची. १९९५ च्या कायद्यानुसार, मौजेसाठी जमिनीवर आलेल्या व्यक्तीबाबत मालकाची जबाबदारी मर्यादित आहे. त्याने जाणूनबुजून इजा करू नये आणि बेदरकारपणे वागू नये, एवढीच अपेक्षा असते. पण खास चालणाऱ्यांसाठी एखादे बांधकाम केले असेल, तर ते सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी घ्यावी लागते. म्हणजे वाट जशीच्या तशी सोडली तर जबाबदारी कमी आणि सुधारली तर जास्त, असा पेच होतो.

विकलो परगण्यात नेमके हेच घडले. दलदलीची जमीन तुडवली जाऊ नये म्हणून राष्ट्रीय उद्यान विभागाने जुन्या रेल्वे स्लीपरची फळीवाट केली होती. तिच्यावर अडखळून पडलेल्या एका महिलेला २०१६ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने ४० हजार युरोची भरपाई मंजूर केली आणि देशभरातील जमीनमालक धास्तावले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. डोंगरातल्या फळीला शहरी पदपथाचा निकष लावता येत नाही आणि पायाखाली बघून चालणे ही चालणाऱ्याचीही जबाबदारी आहे, असा त्याचा मथितार्थ. २०२३ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि स्वतःहून धोका पत्करणाऱ्याची जबाबदारी अधिक स्पष्ट केली.

रोजची डोकेदुखी वेगळीच असते. उघडी राहिलेली फाटके, शेताच्या तोंडाशी लावलेल्या मोटारी आणि मोकाट सोडलेली कुत्री. मेंढ्यांच्या विणीच्या काळात एका कुत्र्याने कळप उधळला तरी शेतकऱ्याचे मोठे नुकसान होते. अनेक ठिकाणी ‘कुत्र्यांना मनाई’ हीच वाट खुली ठेवण्याची अट असते.

तरीही इतक्या वाटा कशा टिकल्या?

संवाद, विमा आणि थोडा मोबदला यांच्या जोरावर. डब्लिनच्या मार्ली पार्कपासून कार्लो परगण्यातील क्लोनिगॉलपर्यंत जाणारी सुमारे १३० किलोमीटरची ‘विकलो वे’ ही देशातली पहिली खुणा केलेली लांब पल्ल्याची वाट. तिचा पहिला टप्पा १९८० मध्ये खुला झाला. पुढे केरी, डिंगल, बेआरा अशा वाटा झाल्या.

वेस्ट कॉर्कमधील ‘शीप्स हेड वे’ हे सर्वांत बोलके उदाहरण. बँट्री आणि डनमॅनस या दोन उपसागरांमधल्या चिंचोळ्या द्वीपकल्पावरील ही वाट स्थानिकांनी घरोघरी जाऊन परवानग्या मिळवून उभारली. १९९६ मध्ये तत्कालीन अध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या द्वीपकल्पावर अहाकिस्ता गावी १९८५ च्या एअर इंडिया ‘कनिष्क’ विमान घातपातातील ३२९ बळींचे स्मारक आहे.

२००८ मध्ये सरकारने ‘वॉक्स स्कीम’ सुरू केली. वाटेवरचे गवत कापणे, खुणा व पायऱ्या नीट ठेवणे या कामासाठी जमीनमालकाला मोबदला मिळतो. हे पैसे प्रवेशाचे भाडे नाहीत, देखभालीचे आहेत. या भेदामुळे मालकी अबाधित राहते आणि शेतकरी वाटेचा विरोधक न राहता राखणदार होतो. योजनेत आता सुमारे ८० वाटा आणि दोन हजारांच्या आसपास जमीनमालक आहेत. मात्र मालकाला परवानगी मागे घेता येते. मधल्या एका शेताने नकार दिला तरी सगळी वाट तुटते किंवा डांबरी रस्त्यावर ढकलली जाते.

जंगलातील वाटांचे काय?

तेथे चित्र तुलनेने सोपे आहे. ‘क्विल्चा’ या सरकारी वनकंपनीकडे देशाची सुमारे सात टक्के जमीन असून तिची जंगले पायी फिरणाऱ्यांना खुली असतात. पण ही बव्हंशी लाकडासाठी लावलेली सूचिपर्णी जंगले. तोडणी सुरू झाली की वाटा तात्पुरत्या बंद होतात. किनाऱ्यावर निसर्गही साथ देतोच असे नाही. डब्लिनजवळची ब्रे ते ग्रेस्टोन्स ही कड्यावरची लोकप्रिय वाट २०२१ मध्ये दरड कोसळल्याने बंद झाली आणि नंतर वर्षानुवर्षे बंदच राहिली.

पुढे काय?

‘फिरण्याचा हक्क’ कायद्याने द्यावा, अशी मागणी अधूनमधून होते. शेतकरी संघटनांचा तिला विरोध आहे. सरकारने २०२३ ते २०२७ साठी आखलेल्या मैदानी पर्यटन धोरणातही भर सहकार्यावरच आहे. गावातल्या वाटेला हे पुरते. मात्र मोहेरसारख्या ठिकाणी, जिथे उत्पन्न साऱ्या परिसराचे आणि धोका मूठभर जमीनमालकांच्या शेतात, तिथे केवळ सद्भावनेवर भागणार नाही. जमीन विकत घेणे, वाट काठापासून आत नेणे किंवा देखभालीची जबाबदारी सरकारने थेट उचलणे, हे पर्याय खर्चिक आहेत. पण वाट अर्ध्यावर बंद होण्याची किंमतही कमी नाही.

आयर्लंडमध्ये आज हजारो भारतीय राहतात आणि त्यांत सह्याद्रीत पाय मुरलेले मराठी ट्रेकरही आहेत. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे : तेथील डोंगर मोकळा दिसला तरी कोणाच्या तरी मालकीचा असतो. खुणांची वाट सोडू नये, फाटक जसे असेल तसे ठेवावे आणि बंदचा फलक दिसला तर मागे फिरावे. एकाच्या बेपर्वाईने ती वाट सगळ्यांसाठीच बंद होऊ शकते.