मऊ मणी, कठीण मक्तेदारी

मे २०१५ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हार्वर्डशी संबंधित दोन चमूंचे शोधनिबंध एकत्रच प्रसिद्ध झाले. दोघांचे उद्दिष्ट एकच होते : चिपवरील तेलात तरंगणाऱ्या पाण्याच्या थेंबात एक पेशी व ओळखखूण असलेला एक मणी बंदिस्त करायचा आणि हजारो पेशींतील जनुकांचे कार्य स्वतंत्रपणे वाचायचे. एका चमूचे मणी कठीण राळेचे होते, दुसऱ्याचे हायड्रोजेलचे.

हा भेद किरकोळ नव्हे. कठीण मणी अरुंद नलिकेत दाटीने सोडले तर अडकतात. ते विरळ सोडावे लागत असल्याने बहुतेक थेंब मण्याविना जातात आणि त्यांतील पेशी वाया जातात. हायड्रोजेलचे मणी दबून, एकमेकांना खेटून पुढे सरकतात व जवळपास प्रत्येक थेंबात एकेक उतरतो. रुग्णाच्या गाठीतून मिळालेला नमुना तुटपुंजा असतो, तेव्हा ही बचत निर्णायक ठरते.

साहजिकच जेलच्या मण्यांना बाजारमूल्य आले आणि पेटंटचे कज्जेही. टेनएक्स जीनोमिक्सच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२० मध्ये बायो-रॅडविरुद्ध निर्णय दिला. त्याआधी २०१८ मध्ये डेलावेअरच्या ज्यूरीने थेंबांच्या पेटंटबाबत बायो-रॅडच्या बाजूने कौल दिला होता. २०२१ मध्ये उभय कंपन्यांनी परस्परांना परवाने देऊन तह केला.

तहाने कंपन्यांची कोंडी फुटली. तयार संचांवर विसंबणाऱ्या प्रयोगशाळांचे परावलंबन मात्र कायम राहिले. हे मणी घडवण्याची सविस्तर कृती २०१७ पासून प्रसिद्ध आहे. ते कौशल्य विद्यापीठांत रुजवणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय होय.