पाइनकोन, पीनट बटर आणि आपली चिमणी

मंडळी, आज जरा भांडायचंय.

20 मार्चचा चिमणी दिवस जवळ आला की शाळेतून घरी एक कागद येतो. पक्ष्यांसाठी खाऊ बनवा. कृती अशी: पाइनकोन घ्या, पीनट बटर फासा, बियांमध्ये घोळवा, झाडाला टांगा, फोटो पाठवा. आता पुण्यात पाइनकोन कुठून आणायचा? भाच्याच्या घरी तो चक्क ऑनलाइन मागवला! बटर मिठाचं, साखरेचं. फोटो मात्र झकास आला.

कृतीला मी नावं ठेवत नाही. ती जिथली आहे तिथे अगदी बरोबर आहे. माझी मामेबहीण लीड्सला असते. तिथे जानेवारीत सोळा-सोळा तासांची रात्र. ब्लू टिट नावाचा पक्षी जेमतेम 11 ग्रॅमचा. रात्रभर अंगात ऊब राखायची तर त्याला चरबी हवीच. म्हणून ती मुलांना घेऊन सुएट वितळवते, त्यात बिया आणि ओट्स ढवळते, दह्याच्या रिकाम्या डब्यात थिजवते. आणि मग मुलं खिडकीत बसून कोण येतं ते मोजतात. तिकडची 'बिग गार्डन बर्डवॉच' ही गणना 1979 मध्ये मुलांसाठीच सुरू झाली होती. तासभर बसायचं आणि मोजायचं.

आपण त्यातला पाइनकोन घेतला आणि तो तास सोडून दिला. माझा राग आहे तो यावर.

मार्चअखेर आपल्याकडे पारा चाळिशीकडे निघालेला. बटर पाघळतं, पिसांना लागतं, पिसं चिकटतात. त्या दिवसांत पक्ष्याला हवं असतं पाणी. उथळ मातीचं ताट, दोन बोटं पाणी, उभं राहायला मध्ये एक दगड. पण त्यात 'बनवायला' काही नाही, त्यामुळे प्रोजेक्ट होत नाही!

दुसरी तऱ्हा आपल्या घरातली. शिळं फरसाण, बिस्किटं, खारे दाणे गॅलरीत भिरकवायचे आणि पुण्य पदरात पाडून घ्यायचं. (काकू, तुम्हाला नाही म्हणत. बरं, तुम्हालाच म्हणतेय.) एवढ्याशा जिवाला ते मीठ झेपत नाही. आणि येतात कोण? कबुतरं. मुंबईत 2025 साली दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? तेव्हापासून काही मित्र म्हणतात, पक्ष्यांना काही घालूच नका. हेही मला पटत नाही. सहा वर्षांच्या पोराने स्वतः मळलेला गोळा बुलबुलाने टोचलेला पाहणं ही चैन नव्हे, ओळख आहे. आणि ओळख नसेल तर उद्या झाड तोडताना त्याला काय वाटणार?

तर खाऊ करा, पण इथला करा. बाजरीचं पीठ पाण्यात घट्ट मळा. मीठ नको, तेल नको. त्यात राळा आणि तांदळाच्या कण्या. गोळ्या मुलांनाच वळू द्या, वाकड्या झाल्या तरी चिमणी तक्रार करत नाही. ताट लहान ठेवा, कबुतराला बसता येणार नाही असं टांगा आणि तासाभरात संपेल एवढंच घाला. दुसऱ्या फांदीला अर्धी पपई किंवा पेरूची फोड, बुलबुल आणि साळुंकीसाठी. ताट रोज घासायचं, तेही मुलांनीच. यातला सर्वांत नावडता भाग हाच, म्हणून तो मोठ्यांनी परस्पर उरकू नये.

आणि एक. चिमणीची पिल्लं मुख्यतः अळ्या-किड्यांवर वाढतात. खाली टोपलीभर दाणे आणि वर सोसायटीची महिन्याची फवारणी, हा निव्वळ ढोंगीपणा आहे. लिंबाच्या कुंडीतली अळी मुलांना दाखवा आणि तिथेच राहू द्या. शिंपी येतो, टुकटुक उड्या मारत घेऊन जातो. अशा खाऊला कृती लागत नाही.

पावसाळा लागला की दाणे बंद. ओले दाणे बुरसटतात, आणि शेंगदाण्याची बुरशी तर विषारीच. मुलं विचारतील, आता काय बनवायचं? जूनमध्ये मोठ्या कुंडीत तुतीची एक काडी खोचायला द्या. सहज जगते.