श्रवणयंत्राच्या सेलचा रतीब

दुधाचा रतीब कसा लावावा हे राजगुरुनगरच्या गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. माप ठरते, वेळ ठरते, घर चार दिवस बंद राहिले तर खाडा धरला जातो आणि महिनाअखेर खाडे वजा जाता हिशेब चुकता होतो. आता श्रवणयंत्राचे सेलही असेच घरपोच देण्याच्या योजना पुढे येत आहेत. वर्षाची रक्कम एकदम भरावी किंवा बँक खात्यातून ठरावीक मुदतीने वळती होऊ द्यावी, म्हणजे सेलची पाकिटे कुरिअरने येत राहतील, असे त्यांचे स्वरूप. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील कारखान्यांत उमेद घालवून खेड तालुक्यात विसावलेल्या माणसाला घरातील बोलणे कळावे की न कळावे, हे ज्या वस्तूवर अवलंबून असते ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी असते. आणि तालुक्याच्या बाजारात ती हव्या त्या दिवशी मिळेलच याची शाश्वती नसते.

प्रेस शॉप आणि फोर्जिंग विभागातील आवाजाने येणारा बहिरेपणा एका दिवसात येत नाही. प्रथम वरच्या पट्टीतील ध्वनी हरपतात. माणूस बोलतो आहे एवढे कळते, शब्द मात्र निसटतात. १९४८च्या कारखाने अधिनियमाने या व्याधीला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत स्थान दिले होते. कायद्याची दृष्टी तेवढ्यापुरती दूरवर गेली. निवृत्तीनंतर त्या कानाचा चालू खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न मात्र घरावरच सोडून देण्यात आला.

पूर्वी खिशात ठेवण्याच्या यंत्राला साधा पेन्सिल सेल चालत असे आणि तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळे. कानामागे बसणारी यंत्रे आली आणि हा दुवा तुटला. ही यंत्रे बहुतांशी जस्त आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगावर चालणारे सेल वापरतात. सेलवरील रंगीत चिकटपट्टी काढली की हवा आत शिरते आणि क्रिया सुरू होते. पट्टी पुन्हा चिकटविली तरी ती खऱ्या अर्थाने थांबत नाही. सेल वाचावा म्हणून दिवसभर यंत्र काढून ठेवणाऱ्या वृद्धांची संख्या थोडी नाही. त्यांच्या काटकसरीला फळ फारसे येत नाही, कारण उघडलेला सेल न वापरताही काही आठवड्यांत निकामी होतो. ऐकणे तेवढे बुडते.

थोडा हिशेब मांडणे इष्ट ठरेल. ३१२ क्रमांकाचा सेल सर्वसाधारण वापरात आठवडाभर पुरतो असे धरले तर दोन कानांना वर्षाकाठी १०४ सेल लागतात, म्हणजे सहा सेलची १८ पाकिटे. पाकीट २०० रुपयांना धरले तर खर्च ३,६०० रुपये झाला. आता शासनाचा हात कोठपर्यंत पोहोचतो ते पाहावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात पात्र ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. केंद्राची अपंगांना साधने पुरविण्याची योजना १९८१ पासूनची, राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ची. या सर्वांचा भर यंत्र देण्यावर आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर भांडवली खर्चाला अनुदान आहे आणि महसुली खर्च उघडा पडला आहे. कररचनेतही हाच विपर्यास दिसतो. श्रवणयंत्राला वस्तू आणि सेवा करातून सूट आहे, त्याला चालविणारा सेल मात्र इतर सेलांच्या पंक्तीत बसून कर भरतो.

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हापासून तिच्या यंत्रांबरोबर सेलही विनामूल्य मिळतात. रुग्णाने नोंदपुस्तिका दाखवावी आणि पाकिटे न्यावीत, अशी ती साधी रीत. ऑस्ट्रेलियात शासकीय योजनेतील व्यक्ती वर्षाला अल्प रक्कम भरून सेल आणि देखभाल दोन्ही मिळविते. वर्गणीच ती, पण अटी शासनाने ठरविलेल्या. आपल्याकडे त्या विक्रेता ठरवितो, आणि म्हणूनच त्या वाचून पाहण्याची जबाबदारी ग्राहकावर येते.

पहिली अट खाड्याची. यंत्र दुरुस्तीला तीन आठवडे गेले, आजारपण आले, तर पुढचा हप्ता पुढे ढकलता येतो काय? जेथे येत नाही तेथे सवलत कितीही आकर्षक असो, तो रतीब नव्हे. ती आगाऊ खरेदी होय. दुधवाला महिनाभर ग्राहकाला उधार देतो, येथे ग्राहक विक्रेत्याला बिनव्याजी कर्ज देतो, हा फरक सवलतीच्या आकड्यात मोजला गेला पाहिजे.

दुसरा मुद्दा संख्येचा. सेल किती दिवस टिकतो हे यंत्राच्या शक्तीवर, बहिरेपणाच्या प्रमाणावर आणि मोबाइलचा आवाज थेट यंत्रात घेण्याच्या सवयीवर अवलंबून असते. हवामानाचाही त्यात वाटा आहे. भीमाशंकरच्या अंगाला, वाडा-डेहणे पट्ट्यात पावसाळ्यातील दमट हवा सेलला मानवत नाही. म्हणून सेल बदलल्याची तारीख दोन-तीन महिने दिनदर्शिकेवर लिहून मगच वर्गणीचे माप ठरवावे. विक्रेत्याचा सरासरी आकडा सरासरी माणसासाठी असतो. हिशेब चुकलाच तर कोणत्या बाजूने चुकावा, हेही उघड आहे. पट्टी न काढलेला सेल साधारण तीन वर्षे टिकतो, तेव्हा जादा आलेल्या पाकिटात केवळ पैसा अडकतो; सेल कमी पडले तर माणूस मुका न होताही संभाषणाबाहेर पडतो. एक पाकीट शिलकीत असावे. मात्र वर्षाचा साठा पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर ठेवणे श्रेयस्कर नव्हे, आणि पाकिटावरील मुदतीची तारीख दर वेळी पाहावी.

कंपनीच्या नावाला फारसे बांधून घेण्याचे कारण नाही. या सेलांची मापे सर्वत्र सारखी आहेत आणि पट्टीच्या रंगाने ती ओळखता येतात: १० क्रमांकाला पिवळा, ३१२ला तपकिरी, १३ला केशरी, ६७५ला निळा. तपकिरी पट्टीचा कोणाचाही सेल तपकिरीच्या जागी बसतो. यंत्र विकणाऱ्यानेच सेल पुरविले पाहिजेत असा समज पसरलेला असतो, तो निराधार आहे.

वर्गणी बंद करण्याचा मार्ग मात्र आधी विचारून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप रक्कम वळती होण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना मिळणे आवश्यक झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत वर्गणीचा सापळाही आला. एवढे असूनही जेथे वर्गणी रद्द करण्यासाठी दूरध्वनी करावा अशी अट असेल, तेथे ती बहिऱ्या ग्राहकासाठी घातली आहे हे लिहिणाऱ्याच्या ध्यानी आले होते की नाही, असा प्रश्न पडतो. लेखी संदेशाने रद्द होणारीच वर्गणी घ्यावी.

पुन्हा चार्ज करता येणारी यंत्रे आली आहेत, त्यामुळे हा सारा खटाटोप कालबाह्य होईल असे म्हटले जाते. कालांतराने होईलही. परंतु ती महाग आहेत, रोजच्या विजेवर विसंबणारी आहेत, आणि त्यांतील विद्युतघटही काही वर्षांनी थकतोच.

राजगुरुनगरहून पुणे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मध्ये चाकणची वाहतूक. एका पाकिटासाठी वृद्धाचा अर्धा दिवस मोडतो, आणि वर्गणी योजनांचा खरा ग्राहक येथे आहे तो या कारणाने. पण एकेकट्याने वर्गणीदार होण्यावाचून गत्यंतर नाही असेही नव्हे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ करून, मागणी एकत्र नोंदवून, माल एकत्र उतरविण्याची पद्धत रुजविली. धान्य-तेलापेक्षा सेल वाहून नेण्यास कितीतरी सोपे. तालुक्यातील एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाने एकाच रंगाची पाकिटे लागणाऱ्या पंधरा-वीस सभासदांची यादी केली, तर घाऊक भाव मागता येईल. साठा एका कपाटात राहील, ज्याचा संपला त्याला शेजाऱ्याच्या वाट्यातून देता येईल आणि खाडा आपोआप निघेल. वापरलेले सेलही त्याच कपाटाशी परत घ्यावेत. घरात रांगते मूल असेल तर पलंगाखाली घरंगळलेला सेल गिळला जाण्याचा धोका असतो, आणि २०२२च्या विद्युतघट कचरा नियमांनुसार अशा टाकाऊ सेलांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे. संघाने पुरवठादाराशी दर ठरवितानाच जुने सेल परत नेण्याची अट घातलेली बरी.