संशय आणि आत्मप्रत्यय

जुन्या काळचा सराफ रुपया दगडावर वाजविल्यावांचून गल्ल्यांत टाकीत नसे. आजचा दुकानदारही पांचशेंची नोट उजेडाकडे धरून पाहतो. त्यास कोणी अश्रद्ध म्हणत नाहीं. उलट सावध व्यापारी म्हणून त्याची वाखाणणीच होते. परंतु हाच सावध गृहस्थ दुकानास कुलूप लावून घरीं गेला म्हणजे, मुलीनें किती शिकावें, सून कोणत्या जातीची असावी, शुभ दिवस कोणता व अशुभ कोणता, या सर्व गोष्टी वाडवडिलांकडून आल्या तशा, न वाजवितां, पदरांत घेतो. आणि कोणी त्या वाजवून पाहूं लागला तर त्यास पाखंडी ठरवितो. रुपयाच्या बाबतींत जो सद्गुण, तो मताच्या बाबतींत दुर्गुण कसा झाला, याचा विचार करण्यास आमच्या वाचकांस आज आम्ही पाचारण करीत आहों.

या कामीं फ्रान्स देशांतील रेने देकार्त या तत्त्ववेत्त्याचें उदाहरण फार उपयोगाचें आहे. हा गृहस्थ १५९६ सालीं जन्मला. १६१६ सालीं प्वातिए येथील विद्यापीठांतून त्यानें कायद्याची पदवी घेतली. पण वकिली न करतां तो फौजेंत शिरला. १६१९ च्या नोव्हेंबरांत जर्मन मुलखांत थंडीमुळें एका उबदार खोलींत कोंडून राहिला असतां त्याच्या मनानें घेतलें कीं, आजवर आपण जें जें खरें मानीत आलों, त्याची एकवार मुळापासून झडती घ्यावी. या विचाराचें फळ म्हणून १६३७ सालीं लायडन येथें त्याचा पद्धतिविषयक ग्रंथ व १६४१ सालीं 'चिंतनें' हा ग्रंथ असे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला ग्रंथ त्यानें पंडितांच्या लॅटिन भाषेंत न लिहितां लोकांच्या फ्रेंच भाषेंत लिहिला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

त्याची रीति व्यापाऱ्यांस सहज समजेल. फळांच्या टोपलींत कांहीं फळें नासकीं आहेत असा वहीम आला, तर शहाणा मनुष्य काय करतो? सगळी टोपली जमिनीवर ओततो आणि एकेक फळ पारखून चांगलें तेवढेंच परत भरतो. हा दृष्टान्त देकार्ताचाच आहे. त्यानें आपल्या मताची टोपली अशीच ओतली. डोळ्यांनीं व कानांनीं आपणांस पूर्वीं कधीं कधीं फसविलें आहे. आणि न्यायालयांत वावरणाऱ्यांस ठाऊकच आहे कीं, जो साक्षीदार एकदां खोटा ठरला, त्याच्या उरलेल्या जबानीवर डोळे मिटून विसंबतां येत नाहीं. शिवाय स्वप्नांतही आपण जागे आहों असेंच वाटत असतें. याहीपुढें जाऊन त्यानें कल्पना केली कीं, एखादा महाकपटी व बलाढ्य दैत्य आपणांस सर्वच बाबतींत, अगदीं बेरीज करतांनासुद्धां, चकवीत आहे. मग खात्रीचें असें उरलें काय?

उरलें तें एवढेंच, पण अढळ. दैत्य मला फसवितो असें धरलें, तरी फसला जाणारा मी असलाच पाहिजे. मी संशय घेतों, या गोष्टीचा संशय घेऊं जावें तर तोही एक संशयच. आणि संशय घेणें म्हणजे विचार करणें. तेव्हां विचार चालू असेपर्यंत विचार करणाऱ्याचें अस्तित्व नाकारतां येत नाहीं. 'मी चालतों, म्हणून मी आहें' असें म्हणून भागणार नाहीं. कारण अंथरुणांत निजलेलाही स्वप्नांत चालतो. पण आपण चालत आहों असें त्यास वाटतें, हें वाटणें तरी खरेंच असतें.

आमच्याकडे हा विचार अगदींच नवा नाहीं. आत्मा नाहीं असें जो म्हणतो, तो नाकारणाराच आत्मा होय, अशा अर्थाचा युक्तिवाद शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यांत आहे; आणि गौतमाच्या न्यायसूत्रांत संशयास सोळा पदार्थांमध्यें मानाचें स्थान दिलेलें आहे. यावर कोणी म्हणतील कीं, संशयग्रस्ताचा नाश होतो असें गीतेंत सांगितलें आहे. सांगितलें आहे खरें; परंतु त्याच चौथ्या अध्यायाच्या अखेरीस तो संशय ज्ञानाच्या तरवारीनें छेदावा असेंही सांगितलें आहे, अज्ञानाच्या पांघरुणाखालीं झांकून ठेवावा असें नव्हे. आणि अर्जुनास शंका आलीच नसती, तर गीता सांगण्याचें प्रयोजन तरी काय उरलें असतें?

देकार्ताचा सिद्धान्त निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मन जर जागा व्यापीत नाहीं, तर तें शरीरास हालवितें कसें, असा नेमका प्रश्न बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनें १६४३ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यास पत्रानें विचारला; त्याच्या उत्तरांनीं तिचें समाधान झालें नाहीं. पुढें अठराव्या शतकांत लिख्टेनबर्ग यानें असा आक्षेप घेतला कीं, यावरून फार तर 'विचार चालला आहे' एवढें ठरतें. 'मी' हा शब्द आगाऊ घुसडलेला आहे. हे आक्षेप वजनदार आहेत, आणि संशयाच्या या पुरस्कर्त्यावर संशय घेऊनच ते उत्पन्न झाले, हें त्याच्या रीतीस भूषणावहच आहे.

परंतु आमच्या दृष्टीनें मुद्द्याची गोष्ट निराळीच आहे. 'मी आहें' ही खात्री एक, आणि 'माझें मत खरें आहे' ही खात्री दुसरी. या दोहोंची आम्ही गल्लत करतों. एखाद्या रूढीवर कोणी बोट ठेवलें कीं, जणूं आपलें अस्तित्वच कोणी पुसून टाकीत आहे, अशा आवेशानें आम्ही तुटून पडतों. देकार्तानें दाखवून दिलें तें नेमकें याच्या उलट. सगळीं मतें बाजूस काढून ठेवलीं, तरी मनुष्य नाहींसा होत नाहीं. तो शिल्लक राहतो व नवीं मतें पारखण्यास मोकळा होतो. चुकीचें मत टाकणारा स्वतःस गमावीत नाहीं. गमावतो फक्त चूक.

दुसरें असें कीं, या प्रमाणास जात लागत नाहीं, पदवी लागत नाहीं, पुरुषाचा देह लागत नाहीं. ज्यास शंका येते, त्यास तें लागू. मग घरांतील मुलीस 'तूं विचार करूं नकोस, सांगितलें तें ऐक' असें जो म्हणतो, तो तिची एखादी हौस मोडीत नसून, जिच्या योगें ती स्वतःस 'मी' म्हणून ओळखते ती शक्तीच हिरावूं पाहतो. हा अपराध कोणत्याही कायद्याच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. पण तो लहान नव्हे.

हा मार्ग निर्वेध नाहीं, हेंही सांगणें आमचें कर्तव्य आहे. १६३३ सालीं गॅलिलिओस शिक्षा झाल्याची बातमी ऐकून खुद्द देकार्तानें आपला विश्वविषयक ग्रंथ छापण्याचें रहित केलें. आणि आमच्या पुण्यांत २० ऑगस्ट २०१३ रोजीं अंधश्रद्धेविरुद्ध झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांस गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. प्रश्न विचारणाऱ्यास भिणारा समाज स्वतःच्या उत्तरांविषयींच साशंक असतो, असा याचा अर्थ आहे.

सबंध टोपली एका दिवसांत ओता, असा आमचा आग्रह नाहीं. प्रत्येकानें आपल्या घरांतील एकच समजूत निवडावी आणि रुपयासारखी दगडावर वाजवून पाहावी. खणखणीत निघाली तर निर्धास्तपणें गल्ल्यांत टाकावी. बद्द वाजली, तर ती पुढील पिढीच्या हातीं चालवून देऊं नये. खोटें नाणें जाणूनबुजून चालविणारास बाजारांत काय म्हणतात, तें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नकोच.