सावत्र नात्याचा हिशेब

घटस्फोट किंवा वैधव्यानंतर मुलांसह दुसरा संसार मांडणाऱ्यांकडे शहरी समाज आता पूर्वीइतक्या कुतूहलाने पाहत नाही. कायद्याचे मात्र तसे नाही. अशा घरातले मूल नेमके कोणाचे, या प्रश्नाला आपले निरनिराळे कायदे निरनिराळी उत्तरे देतात आणि त्याची झळ त्या मुलाला बसते.

१९६१च्या आयकर कायद्याने 'अपत्य' या शब्दाच्या व्याख्येत सावत्र मूलही धरले. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतही सावत्र मुले कुटुंबाचा भाग मानली जातात. म्हणजे कर आणि सवलतींपुरते मूल नव्या घराचे ठरते. पोटगीचा प्रश्न आला, की चित्र पालटते. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने अपत्यहीन सावत्र आईला सांभाळण्याचे दायित्व सावत्र मुलांवर टाकले. सावत्र मुलाच्या पालनपोषणाचे दायित्व सावत्र वडिलांवर टाकले नाही. ते जन्मदात्याकडेच राहते. आईने पुनर्विवाह केला, की तिची स्वतःची पोटगी थांबते. मुलाची थांबत नाही. या दोन रकमांतील फरक ध्यानी न घेतल्यास मुलाच्या हक्काच्या पैशावर पाणी सोडावे लागते. दुसरीकडे, पोटगी देणाऱ्या जन्मदात्याचाही नवा संसार त्याच पगारावर चालतो आणि त्या रकमेपोटी त्याला आयकरात वजावट मिळत नाही.

वारशाच्या बाबतीत तर दरवाजा बंदच आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 'मुलगा' या शब्दात सावत्र मुलगा येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. पंधरा वर्षे ज्याने फी भरली, त्याच्या पश्चात त्याच घरावर मुलाचा हक्क उरत नाही.

यावर दत्तकविधानाचा मार्ग आहे. २०२२च्या दत्तक नियमावलीत सावत्र पालकांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. मात्र दत्तकविधान होताच जन्मदात्याशी असलेले कायदेशीर नाते, आणि त्याबरोबर त्याची पोटगीही, संपते. म्हणून हा निर्णय केवळ भावनेच्या भरात घेण्याजोगा नाही. ज्यांना तो नको, त्यांनी निदान मृत्युपत्र करावे. नामनिर्देशनावर विसंबू नये. शेअर्सच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

कायद्यांत सुसूत्रता आणणे हे संसदेचे काम. ते होईपर्यंत, मनाने स्वीकारलेले मूल कागदावरही स्वीकारण्याची जबाबदारी त्या दोन पालकांचीच आहे.