नीतिमान नवऱ्याचे पाप

‘द पेंटेड व्हेइल’ या २००६ सालच्या इंग्रजी चित्रपटाविषयी आपल्या कॅथलिक मंडळींत दोन मते संभवतात. एक मत असे, की ज्या कथेचा आरंभ पत्नीच्या व्यभिचाराने होतो, ती मुलाबाळांच्या घरात पाहण्याजोगी नाही. दुसरे मत असे, की पतीने अखेर क्षमा केली, पत्नी सुधारली, धर्मभगिनींच्या सेवाकार्याचे दर्शन घडले. तेव्हा चित्रपट बोधप्रद आहे. आम्हांस दोन्ही मते अमान्य आहेत. वरवर ती परस्परविरुद्ध दिसली, तरी दोहोंचा हिशेब एकच आहे. या संसारात पाप एकच घडले आणि ते बाईने केले, असे दोन्हीकडे गृहीत धरलेले आहे. आम्ही म्हणतो, पापे दोन घडली. दुसऱ्या पापाविषयी आपण बोलत नाही, कारण ते आपल्या फार ओळखीचे आहे.

कथा मूळची सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाच्या १९२५ सालच्या कादंबरीतील. जॉन करन यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात तिचा आरंभीचा भाग शांघायमध्ये घडतो. आईच्या घरातून सुटका व्हावी म्हणून किटी ही लंडनची तरुणी वॉल्टर फेन या अबोल जंतुशास्त्रज्ञाशी घाईने लग्न करते आणि त्याच्यामागून चीनला येते. परक्या मुलखात, न बोलणाऱ्या नवऱ्याच्या घरी तिचे मन रमत नाही. चार्ली टाउनसेंड या विवाहित ब्रिटिश अधिकाऱ्याशी तिचे संबंध जुळतात. वॉल्टरला ते कळते. तो थंडपणे तिच्यापुढे दोन वाटा ठेवतो: पटकीने माणसे मरत असलेल्या मेई-तान-फू या गावी आपल्याबरोबर चल, नाहीतर व्यभिचाराच्या आरोपाखाली उघड घटस्फोटाला तयार हो. टाउनसेंड आपली बायको सोडून किटीशी लग्न करीत असेल, तर मात्र वॉल्टर तिला गाजावाजा न करता मोकळे करील. टाउनसेंड हात झटकील, हे वॉल्टरला आधीच ठाऊक आहे, आणि घडतेही तसेच. मग नदीची सोयीची वाट सोडून तो तिला दोन आठवडे खुष्कीने, उन्हातान्हातून नेतो. तिला त्रास व्हावा, एवढाच त्यामागील हेतू.

याला काय म्हणावे? मॉम यांनी या कथेचे बीज कोठून घेतले, ते प्रस्तावनेत स्वतःच सांगितले आहे. डांटे या कॅथलिक महाकवीच्या काव्यात, शुद्धिस्थानाच्या पाचव्या सर्गात, सिएना नगरीतील पिया नावाची स्त्री भेटते. तिच्या शीलाविषयी संशय आल्याने नवऱ्याने तिला मारेम्माच्या दलदलीतील गढीत नेऊन ठेवले. तेथील रोगट हवेने ती आपोआप मरावी आणि आपल्या हाताला रक्त लागू नये, अशी त्याची योजना होती. म्हणजे या कथेच्या मुळाशी प्रेमभंग नाही, वध आहे. वॉल्टरने मारेम्माच्या जागी मेई-तान-फू निवडले, एवढाच फरक. डांटेने पियाला नरकात टाकले नाही; तारणाच्या वाटेवर असलेल्या जिवांत तिला स्थान दिले. तिचे मागणेही केवढे? आपली आठवण ठेवावी, इतकेच. सातशे वर्षांपूर्वीच्या कवीला जी करुणा सुचली, ती आपल्याला सुचू नये काय?

ख्रिस्तसभेचा कायदाही येथे मुका नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ११५२ सांगते, की जोडीदाराकडून व्यभिचार घडला तरी ख्रिस्ती प्रीतीने व कुटुंबाच्या हितासाठी क्षमा नाकारू नये, अशी कळकळीची शिफारस आहे. क्षमा करणे शक्य नसेल, तर दुखावलेल्या जोडीदारास वेगळे राहण्याचा हक्क आहे. हे कलम आपल्याला ठाऊक असते. त्यालाच लागून असलेले कलम ११५३ मात्र क्वचित ऐकू येते. जो जोडीदार दुसऱ्याच्या आत्म्यास वा देहास गंभीर धोका निर्माण करतो, तो दुसऱ्यास वेगळे होण्याचे रास्त कारण देतो. विलंबाने धोका वाढत असेल, तर ती व्यक्ती स्वतःच्या अधिकारात घर सोडू शकते. वॉल्टर ११५२ चा फिर्यादी असेल, पण ११५३ चा तो आरोपी आहे. क्षमा करणे वा वेगळे होणे हे दोन्ही मार्ग त्याला खुले होते. त्याने तिसरा निवडला: जवळ ठेवून शिक्षा भोगायला लावणे.

शुभवर्तमानात याच्या अगदी उलट एक पती आहे. मरिया गर्भवती असल्याचे योसेफाला कळले, तेव्हा सत्य अद्याप उलगडलेले नव्हते. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो, आणि तिची बेअब्रू करण्याची त्याची इच्छा नव्हती, हेही त्याच ओघात सांगतो. नीतिमत्ता आणि दुसऱ्याची लाज राखणे या गोष्टी तेथे एकत्र नांदतात. वॉल्टरची नीतिमत्ता मात्र हातातील धोंड्यासारखी आहे.

यावर कोणी म्हणेल, वॉल्टरने साथीच्या गावात स्वतःचे प्राण दिले, ते विसरता काय? विसरत नाही. प्रेतांनी दूषित झालेली विहीर तो बंद करवितो, गावाला शुद्ध पाणी मिळावे म्हणून खटपट करतो आणि अखेर पटकीनेच मरतो. हे सारे थोर आहे. पण गावाला पाणी पुरवणारा माणूस घरात बायकोला शब्दासाठी तहानलेली ठेवत होता, हेही खरेच. बाहेरच्या दानधर्माने घरातील क्रौर्याची फेड होत नाही.

चित्रपट मात्र येथे घाई करतो. दोघांत प्रेम उमलते आणि सारे काही त्या प्रेमात विरघळून जाते. कादंबरी इतकी गोड नाही. तेथे किटीला पतीविषयी आदर व कणव वाटू लागते, प्रेम वाटत नाही; आणि वॉल्टर मरतो तो कडवट उपहासाचे शब्द उच्चारून. ख्रिस्ती श्रद्धा नसलेल्या लेखकाने येथे अधिक सचोटी दाखवली, असे आमचे मत आहे. क्षमा म्हणजे परत आलेले प्रेम, असे मानले तर ज्या घरात प्रेम परतत नाही, तेथे क्षमेला जागाच उरत नाही. चित्रपटातील मठाच्या मदर सुपिरियर (ही भूमिका डायना रिग यांची) किटीला सांगतात, की तरुणपणी देवाविषयी वाटणारी ओढ केव्हाच सरली. आता आपण दोघे जुन्या पतिपत्नींसारखे फारसे न बोलता शेजारी बसून असतो, तरी सोडून जाणार नाही. या वृद्ध धर्मभगिनीला विवाहाचा अर्थ पटकथेपेक्षा अधिक कळला आहे.

आता आपल्याकडे वळू. इंग्लंडमध्ये व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागण्याचा समान हक्क पत्नीला १९२३ साली मिळाला. भारतातील ख्रिस्ती पत्नीला १८६९ च्या कायद्याखाली नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य वा परित्यागासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. नवऱ्याला मात्र पत्नीचा व्यभिचार तेवढा पुरे होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली ही विषमता घटनाबाह्य ठरवली, आणि संसदेने कायदा दुरुस्त केला तो २००१ साली. ख्रिस्तसभा विवाहसंस्कार अभेद्य मानते, आणि आम्हीही मानतो. प्रश्न घटस्फोटाचा नाहीच. प्रश्न तराजूचा आहे. तो तराजू कायद्याने सोडला. आपल्या ओट्यांवरून, पंगतींतून आणि समेटाच्या बैठकींतून तो अद्याप गेलेला नाही. स्त्री चुकली, तर सारा धर्मग्राम कुजबुजतो. पुरुष वर्ष-वर्ष बायकोशी बोलत नाही, तिच्या माहेरचे दार बंद करतो, तिची जुनी चूक रोज ताटात वाढतो, तर आपण म्हणतो, ‘माणूस देवभीरू आहे, मिस्सा चुकवत नाही, बाई, तूच सांभाळून घे.’

म्हणून आमची मागणी सरळ आहे. विवाहपूर्व शिबिरांत कलम ११५२ बरोबर ११५३ ही शिकवावे. पापनिवेदनापूर्वीच्या विवेकपरीक्षेत अबोल्यालाही पाप म्हणून स्थान द्यावे. आणि क्षमेचा उपदेश करताना तो कोणाच्या जिवाच्या मोलाने होत आहे, हे धर्मगुरूंनी व वडीलधाऱ्यांनी आधी विचारावे. एकनिष्ठतेचे वचन वेदीपुढे दोघांनी दिलेले असते. परपुरुषाकडे जाऊन ते मोडते, तसेच घरात राहूनही मोडते.