दप्तरातली साखर

दिवाळीच्या अंकात साखरेविषयी लिहायचे, म्हणजे चिरोट्याच्या पाकाविषयी लिहावे, अशी भगिनींची अपेक्षा असणार. पण आजची साखर ताटातली नव्हे, दप्तरातली आहे. सुटी संपून शाळा उघडतील, तेव्हा काही मुलांच्या दप्तरात ती असलीच पाहिजे.

मधुमेह हा उतारवयातला रोग, अशी आपली समजूत. पण त्याचा ‘टाइप १’ हा प्रकार पुष्कळदा बालपणीच गाठतो. त्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते रोज टोचूनच घ्यावे लागते. पथ्याने किंवा काढ्याने भागत नाही. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम दिले गेले. तोवर अशा मुलांच्या आईबापांच्या हाती दिवस मोजण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला साखर वाढण्याचे भय असते, तसेच ती एकाएकी उतरण्याचेही असते. कवायत जास्त झाली, डबा खायला उशीर झाला, की मूल घामाघूम होते, हात कापतात, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देते. गुरुजींना वाटते, स्वारीने अभ्यास केलेला नाही! अशा वेळी चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ पाजावी. पंधरा मिनिटांनी रक्तातील साखर तपासावी. अजून कमीच असेल, तर पुन्हा द्यावी. मुलाला एकटे कुठेही पाठवू नये. शुद्ध हरपली असेल, तर मात्र तोंडात थेंबभरही घालू नये. कुशीवर निजवून तडक दवाखाना गाठावा.

इथेच शाळेची शिस्त आडवी येते. तासाला खायचे नाही. औषधे कचेरीच्या कपाटात. कपाटाची किल्ली शिपायाकडे. आणि शिपाई गेला बँकेत! तापाच्या गोळ्या कपाटात राहिलेल्याच बऱ्या. एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात जायला नको. पण ज्याची गरज घडीभरात लागते, ते मुलाच्या हाताशीच हवे. दम्याच्या पंपाचेही तेच. सीबीएसईने २०१७ साली बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी जवळ बाळगण्याची मुभा दिली. परीक्षेत जे चालते, ते रोजच्या तासाला का चालू नये?

आईबापांनीही दुखणे लपवू नये. मुलगी असली, की ‘पुढे लग्नाचे कसे?’ म्हणून शाळेपासूनही गोष्ट दडवली जाते. लग्न दूर आहे; उद्याचा कवायतीचा तास जवळ आहे. रोगाचे नाव, लक्षणे, काय व किती द्यायचे आणि फोन नंबर, एवढे एका कागदावर लिहून वर्गशिक्षकांना व कवायतीच्या मास्तरांना द्यावे. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही समजावून सांगावे. घाम फुटलेला पहिल्यांदा तिलाच दिसतो.

आणि तपासायचे यंत्र जवळ नसले, तर शंका काढीत बसू नये, साखर द्यावी. उगाच दिली गेली, तर रक्तातली साखर थोडा वेळ चढेल, इतकेच. द्यायची राहिली, तर मूल बाकावरच कोसळेल.